शेवटच्या दोन ओळी

“खाली बसून दाखवू का, सर?” मी विचारलं.

लातूरहून बाहेरचे परीक्षक म्हणून आलेल्या एकलारे सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांच्या शेजारी आमच्या नाईकवाडे मॅडम बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून नको म्हणून मान हलवली, अगदी हळू, सरांना दिसू नये इतकी.

“कुठं खाली?” सर म्हणाले.

“इथंच. फरशीवर.”

बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाची मराठीची तोंडी परीक्षा चालू होती. परीक्षेसाठी कॉलेजच्या ग्रंथालयातली वाचायची खोली रिकामी केली होती. मार्च महिना, उस्मानाबाद जिल्ह्यातलं ऊन, आणि वरचा पंखा फिरतोय की नुसता आवाज करतोय ते कळत नव्हतं. माझ्याआधी गेलेला ज्ञानोबा घाम पुसत बाहेर आला होता आणि माझ्या कानाशी म्हणाला होता, “चंदे, त्यानं स्वतःच त्या कवितेवर लिहिलंय म्हणं. त्याचंच त्याला सांग अन् सुट.”

पण त्यांचं त्यांना सांगायला मी गेलेच नव्हते.

मी चंद्रकला शिनगारे. कॉलेजात मला कुणी पूर्ण नावानं ओळखत नसे. खो-खोच्या संघातली चंदा म्हटलं की शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना कळायचं. जिल्ह्यात मी ज्या बाजूनं खेळायचे ती बाजू जिंकायची. हे मी फुशारकीनं सांगत नाही; तसं होतं. बी.ए.ला मराठी घेतलं त्याचं कारणही साधं होतं. मराठीचे तास दुपारी असायचे, म्हणजे सकाळ-संध्याकाळ मैदान मोकळं. कविता वगैरे गाईडमधून पाठ करता येते, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं.

ते खोटं ठरवलं नाईकवाडे मॅडमनी. त्या त्याच वर्षी आमच्याकडे आल्या होत्या. नोकरी कायमची नव्हती, वर्षावर्षाची होती. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर एक कविता लिहिली आणि म्हणाल्या, “अर्थ लिहू नका. ही वाचून तुम्हाला काय झालं, तेवढं कागदावर लिहून द्या.”

वर्गात सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ज्ञानोबानं उठून विचारलं, “मॅडम, काही झालंच नाही तर?”

“तर तसं लिहा.”

मी तसंच लिहिलं. ‘कविता वाचली. झोप आली. दुसऱ्यांदा वाचली. तरी आली.’

दुसऱ्या दिवशी कागद परत आला. खाली लाल शाईत एकच प्रश्न होता: ‘कोणत्या ओळीला आली?’

आता ही काय विचारायची गोष्ट झाली का? पण मी हट्टाची. कोणत्या ओळीला आली ते बघायला कविता तिसऱ्यांदा वाचली. पाचव्या ओळीपाशी माझं लक्ष उडत होतं, कारण तिथं कवी एकच गोष्ट दुसऱ्यांदा सांगत होता. मी लिहिलं, ‘पाचव्या ओळीला. ती काढली तरी चालतं.’ मॅडमनी त्याखाली लिहिलं, ‘काढून वाचली. खरंच चालतं.’

त्या दिवसापासून मला मजा यायला लागली. एका कवितेत कवी समुद्राला बाप म्हणत होता. मी लिहिलं, ‘मी समुद्र बघितलेला नाही आणि माझा बाप एस.टी.त कंडक्टर आहे. त्यामुळे मला काही झालं नाही.’ मॅडमनी विचारलं, ‘मग तुझ्या बापाला तू काय म्हणशील?’ त्यावर मी पानभर लिहिलं. दिवसभर शेकडो माणसांना पुढं सरका, पुढं सरका म्हणणारा माणूस घरी आल्यावर स्वतः एका कोपऱ्यात अंग चोरून बसतो, आणि आई त्याला म्हणते, अहो, जरा ऐसपैस बसा की, घर आपलंच आहे. लिहिता लिहिता मला कळलं, की हे मी रोज बघत होते आणि कधी बघितलंच नव्हतं.

मग जानेवारीच्या शेवटी ती कविता आली. कवयित्री फारशी कुणाला माहीत नव्हती, कविताही एवढीशी:

*पाय मुडपून बसले आहे उंबऱ्यावर,*
*तोंड घराकडे, पाठ वाटेकडे.*
*येणाऱ्याचं येणं मला दिसत नाही,*
*नुसतं ऐकू येतं.*
*मागून कुणी हात लावील पाठीला*
*तर उठायचं,*
*एवढंच ठरवलं होतं.*

*हात लागला.*
*पाय उठेनात.*

या कवितेवर आमच्या संदर्भाच्या पुस्तकात एकलारे सरांचा लेख होता. त्यांचं म्हणणं असं, की ही बाई संसाराला विटलेली आहे. तिनं वाटेकडे, म्हणजे जगाकडे, पाठ फिरवली आहे. शेवटी तिच्या पाठीला लागणारा हात मृत्यूचा आहे आणि तिला त्याचंही काही वाटत नाही. वर्गातल्या सगळ्यांनी ‘विरक्ती’ हा शब्द लिहून कागद दिले. एकीनं तर ‘वाचून मलाही विरक्ती आली’ असं लिहिलं. तिचं लग्न मे महिन्यात होतं.

मी मात्र कविता वाचली आणि जागेवर ताठ झाले. या बाईला मी ओळखत होते. ज्यानं खो-खो बघितलाय त्याला सांगायला नको. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी एका ओळीत चौकोनात उकिडवे बसलेले असतात, एकाचं तोंड इकडं, दुसऱ्याचं तिकडं. नववा पळत असतो. तो मागून येऊन ज्याच्या पाठीला हात लावतो आणि ‘खो’ म्हणतो, तो उठून सुटतो. तो येताना बसलेल्याला दिसत नाही. मागं वळून बघायचं नसतं. पाठीला कान फुटावे लागतात.

मी दीड पान लिहिलं. ही बाई रुसलेली नाही, विटलेली नाही, ती वाट बघत रडतही नाही. ती तयारीत बसलेली आहे. पाठ वाटेकडे केली, कारण हाक मागूनच येणार आहे. पुस्तकात लिहिलंय ते चूक आहे. मी असं बेधडक लिहिलं आणि खाली सही केली.

मॅडमनी मला तासानंतर थांबवलं. कागद त्यांच्या हातात होता.

“असं मला कधी सुचलं नसतं,” त्या म्हणाल्या. “पण शेवटच्या दोन ओळींबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस.”

“जागा संपली, मॅडम.”

त्यांनी कागद उलटा केला. “मागची बाजू कोरी आहे.”

“प्रॅक्टिसला उशीर होत होता.”

त्यांनी कागद परत दिला. “वाटलं तर लिही,” म्हणाल्या. मी लिहिलं नाही.

आणि आता तो कागद एकलारे सरांच्या पुढ्यात होता. आम्ही वर्षभर लिहिलेल्या कागदांवरच तोंडी परीक्षा घ्यायची, असं मॅडमनी प्राचार्यांना पटवून दिलं होतं. प्राचार्य म्हणाले होते, “बाहेरच्या परीक्षकाचं मत बघू. त्यावर पुढच्या वर्षीचं ठरवू.” पुढच्या वर्षीचं म्हणजे या पद्धतीचं आणि मॅडमच्या नोकरीचंही. हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. म्हणूनच ज्ञानोबा मला म्हणत होता, त्याचं त्याला सांग.

सरांनी सुरुवातीलाच विचारलं होतं, “तुम्ही इथं लिहिलंय, पुस्तकातलं चूक आहे. ते पुस्तकातलं कुणी लिहिलंय ठाऊक आहे?”

“हो सर. तुम्ही.”

“वाचलंय?”

“दोनदा वाचलंय. भाषा फार चांगली आहे.”

मॅडमना ठसका लागला.

“आणि तरी चूक?”

“तुम्ही तसं कधी बसलेला नसणार, सर.”

ते चिडले की नाही ते मला कळेना. गोल चेहरा, पांढरा बुशशर्ट, केस अगदी चापून बसवलेले. त्यांनी कागद खाली ठेवला आणि म्हणाले, “कसं? समजावून सांगा.” तेव्हा मी ते खाली बसायचं विचारलं होतं.

“बसा,” सर म्हणाले.

मी ओढणी कमरेला बांधली आणि त्यांच्याकडे पाठ करून खाली बसले. उकिडवी, एक पाय पुढं, एक मागं, टाचा उचललेल्या, हाताची बोटं फरशीला टेकलेली. गेली आठ वर्षं ज्या जागेवर मी बसत होते त्या जागेवर बसल्यासारखं वाटलं.

“आता माझी पाठ तुमच्याकडं आहे,” मी समोरच्या कपाटाकडे बघत म्हणाले. “मी रुसलेली दिसते का, सर?”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सर उठले होते. ते माझ्याभोवती फिरून पुढं आले, वाकून बघितलं, परत मागं गेले.

“नाही,” ते म्हणाले. “मांजर उडी मारायच्या आधी बसतं, तशी दिसते आहेस.” त्यांचं ‘तुम्ही’ कधी गळून पडलं ते त्यांनाही कळलं नसावं.

“तेच तर. आता तुम्ही चालताय ते मला दिसत नाही. पण तुमची डावी चप्पल घासतीय.”

सर थांबले. मग खरंच हसले. “मागच्या आठवड्यात अंगठा तुटला होता. शिवून घेतलाय. पुढं?”

“पुढं काय नाही. अशी बसलेली बाई विरक्त कशी असंल? ती तर सगळं अंग कान करून बसलीय.”

“बरं,” सर म्हणाले. “तयारीत आहे. मानलं. मग शेवट वाच.”

मी ओढणीची गाठ चाचपली.

“पाठ आहे ना तुला? मग वाच.”

“सर, अजून बरीच मुलं बाहेर थांबलीत...”

“त्यांना मी बघतो. वाच तू.”

“हात लागला,” मी म्हणाले. “पाय उठेनात.”

“तुझी बाई इतकी तयारीत आहे, मग ती कामून उठत नाही?” सरांच्या तोंडून लातूरची बोली निघाली. “हे तू लिहिलेलंच नाहीस. सात ओळींवर दीड पान, आणि दोन ओळींवर काही नाही. कवितेनं जे शेवटी सांगितलं ते सोडून कविता कळली असं म्हणता येतं का?”



“मॅडम,” सर म्हणाले, “तुम्ही जरा तिच्या पाठीला हात लावा. बघू तरी ती उठते कशी. मग न उठण्याचा विचार करू.”

मॅडम आल्या. त्यांना खो-खोतलं काहीच येत नव्हतं. लहान लेकराला थोपटावं तसा त्यांनी माझ्या खांद्याखाली हात ठेवला.

“खो म्हणायचं असतं, मॅडम,” मी म्हणाले.

“खो,” मॅडम म्हणाल्या.

माझं अंग पुढं गेलं. हात सुटले, खांदे सुटले, डावा पाय सुटला. उजवा गुडघा मात्र तिथंच राहिला. कुलूप लागावं तसा तो अडकला आणि मी फरशीवर दोन्ही हातांवर आडवी पडले.

आता सांगते. संक्रांतीच्या सामन्यात मैदानाच्या टोकाच्या खांबाला, पोलला, वळसा घेताना माझ्या उजव्या गुडघ्यात कट्कन आवाज झाला होता. सूज दोन दिवसांत उतरली. पळताना काही वाटत नसे. पण खाली उकिडवं बसलं की आत काहीतरी अडकायचं आणि गुडघा सरळ व्हायचा नाही. मी एकटी बार्शीच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. त्यांनी बोटांनी दाबून बघितलं आणि म्हणाले, आतली गादी फाटली आहे, ऑपरेशन करावं लागेल, आणि खेळ विसर. मी घरी कुणाला सांगितलं नाही. पठाण सरांना, म्हणजे आमच्या प्रशिक्षकांना, तर नाहीच. प्रॅक्टिसला मी बचावाची, पळणाऱ्यांची बाजू मागून घ्यायचे, म्हणजे बसायला नको. येत्या रविवारी उस्मानाबादला राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती. तिथं बसावं लागणार होतं. तेव्हाचं तेव्हा बघू, असं मी स्वतःला सांगत होते. आणि त्या दिवशी बोलण्याच्या भरात मी सगळं विसरून फरशीवर बसले होते.

“अभिनय नको,” मागून सर म्हणाले. “कारण सांग.”

“अभिनय नाही, सर.”

मॅडम माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी माझा पाय बघितला, माझं तोंड बघितलं. “कधीपासून?” त्यांनी हळूच विचारलं.

“संक्रांतीपासून.”

“मग तेव्हा लिहिलं का नाहीस?”

“लिहिलं असतं तर खरं झालं असतं, मॅडम.”

पंखा खडखडत होता. मी पालथी पडले होते, फरशी गार लागत होती, आणि खरं सांगते, मला त्या वेळी लाज वाटली नाही. माझ्या डोक्यात ती ओळच घोळत होती. मी ती दीड महिना डोळ्यांसमोर येऊ दिली नव्हती. आता ती पूर्ण दिसत होती, एकेक अक्षर सुटं.

मी कोपरावर उठले. “सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देऊ?”

“आधी वर बस.”

“नको, असंच देते. तिला विरक्ती आली असती ना सर, तर ती म्हणाली असती, मी उठले नाही. किंवा, मला उठायचं नव्हतं. पण ती तसं म्हणत नाही. ती म्हणते, पाय उठेनात. आपण कधी म्हणतो असं? दार उघडेना. गाडी निघेना. लेकरू ऐकेना. म्हणजे आपण जोर लावलाय, आपली इच्छा आहे, समोरचं दाद देत नाही. तिला उठायचंय, सर. तिनं ठरवलेलं बदललेलं नाही. पाय ऐकत नाहीत. एवढंच झालंय. आणि एवढं फार आहे.”



सर टेबलाकडे गेले. पुस्तक उघडून त्यांनी कविता बघितली, त्यांना पाठ असणारच, तरी बघितली. ओठांतल्या ओठांत ‘उठेनात’ म्हणून बघितलं.

“हे व्याकरण तुला कुणी शिकवलं?”

“गुडघ्यानं.”

“हं.” त्यांनी पुस्तक मिटलं. “तरी मी म्हणेन, तो हात मृत्यूचा असू शकतो.”

“असू शकतो, सर. बसलेलीला कुठं दिसतंय हात कुणाचा ते.”

सर परत हसले, पण या वेळी जरा वेगळं. मग खुर्ची उचलून स्वतः माझ्याजवळ आणून ठेवली. मॅडमच्या खांद्याचा आधार घेऊन, गुडघा हातानं चोळत, हळूहळू सरळ करत मी तिच्यावर बसले. सरांनी मला पाण्याचा पेला दिला.

“तुझ्या प्रशिक्षकाला माहीत आहे हे?”

“नाही, सर. रविवारी निवड आहे.”

“मग?”

मी पाणी पीत राहिले.

“हे बघ,” सर म्हणाले, “मी मराठीचा परीक्षक आहे. कविता शेवटपर्यंत वाचायला लावणं माझं काम, ते मी केलं. तुझी तोंडी परीक्षा संपली.” आणि मॅडमकडे वळून म्हणाले, “पुढच्या वर्षी मुलांकडून असंच लिहून घ्या. आणि माझा लेख त्यांना आधी देत जाऊ नका. नंतर द्या.”

पुढचं थोडक्यात सांगते. तोंडीला मला विद्यापीठाला शंका यावी इतके गुण मिळाले. मॅडम आमच्या कॉलेजात टिकल्या, पुढं कायम झाल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. माझं ऑपरेशन मे महिन्यात सोलापूरला झालं. वडिलांनी त्यासाठी रजा काढली. त्यांच्या नोकरीत त्यांनी एवढी सलग रजा कधी काढली नव्हती. मी आजही उकिडवी बसू शकत नाही. एम.ए. केलं, आणि आता वीस वर्षं झाली, मीही कविता शिकवते. मुलं विचारतात, मॅडम, तुम्ही मराठीकडं कशा वळलात? त्यांना मी काहीतरी सांगते. पण खरं ते त्या दुपारी झालं नाही. दुपारी फक्त कविता कळली. वळले मी संध्याकाळी.

संध्याकाळी मी मैदानावर गेले. पठाण सर चुन्याच्या रेषा आखत होते. त्यांची रेष इतकी सरळ पडायची की आम्ही त्यावरून पाय टाकायला कचरायचो.

“कुठं होतीस?” त्यांनी वर न बघता विचारलं. “चल, पोलवरून सुरू कर.”

“सर, मला बसून उठता येत नाही.”

“कंटाळा आला का?”

“गुडघा गेलाय. संक्रांतीला.”

त्यांच्या हातातली चुन्याची पाटी तशीच राहिली. ते माझ्यापाशी आले, मला कट्ट्यावर बसवलं, गुडघा दाबून बघितला, वाकवला, आणि तो जिथं अडकला तिथं त्यांचा हातही थांबला. त्यांना डॉक्टरची गरज नव्हती. त्यांनी असले गुडघे बघितलेले होते.

“दोन महिने,” ते म्हणाले. “दोन महिने माझ्यासमोर पळत होतीस तू.”

“पळता येत होतं, सर.”

“रविवार काढला असतास तू असाच?”

“सकाळपर्यंत तसंच ठरवलं होतं.”

“मग काय झालं?”

आता त्यांना कविता कशी सांगायची? “परीक्षा होती,” मी म्हणाले.

ते मुलींवर ओरडले, “चला, मैदानाला चकरा मारा, इकडं काय बघायलाव?” मुली पळाल्या. मग ते माझ्याशेजारी येऊन बसले. “तुझ्या बापाला मी म्हणालो होतो, पोरगी महाराष्ट्राकडून खेळंल.”

“मलाही तसंच वाटायचं.”

“तुझ्या जागी कोण?” हे त्यांनी स्वतःलाच विचारलं असावं.

“द्वारका,” मी म्हणाले.

“ती? पाठीला हात लागला की दचकते ती.”

“दचकते कारण ऐकत नाही. वाट बघत बसते. मी शिकवते तिला. चार दिवस आहेत.”

“बसून दाखवता येत नाही, कशी शिकवणार?”

“सांगून.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग शिट्टी वाजवून द्वारकाला बोलावलं. ती घाबरी-घाबरी आली, काळीसावळी, बारीक, मोठ्या डोळ्यांची. माझ्या चौकोनात बस म्हटल्यावर तिला विश्वास बसेना. मी तिच्या मागं उभी राहिले आणि म्हणाले, “डोळे मीट. आता कोण पळतंय, कुठून, ते मला सांग.” पहिल्यांदा तिला काहीच कळलं नाही. दुसऱ्यांदा तिनं चुकीचं नाव घेतलं. अंधार पडायला लागेपर्यंत मी तिला सोडलं नाही. शेवटी ती डोळे मिटूनच म्हणाली, “ताई, सुरेखा. उजवीकडून. दमलीय ती.” सुरेखाला तिथंच थांबून हसू फुटलं.

रविवारी द्वारका निवडली गेली नाही. पुढच्या वर्षी गेली.

त्या संध्याकाळी सगळ्या मुली घरी गेल्यावर पठाण सर सायकलला डबा लटकवून माझ्याकडे आले. मी कट्ट्यावर एकटीच होते, तोंड खाली घालून.

“रडायलीस का?” त्यांनी विचारलं.

मी वर बघितलं. रडत नव्हते. मलाच आश्चर्य वाटत होतं.

“नाही सर,” मी म्हणाले. “भूक लागलीय.”

खरंच लागली होती. दोन महिने जेवण पोटात जात होतं, पण चव कळत नव्हती, हे मला तेव्हा समजलं. सरांनी डबा काढून माझ्या हातात दिला. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि वर एक फोडलेला कांदा.

“तुमच्यासाठी ठेवते अर्धं,” मी म्हणाले.

ठेवलं नाही. सगळं खाल्लं.